मध्येच नाहीशी होणारी यूएसबी डिस्क आणि जुना लिनक्स संगणक

प्रश्न : माझ्याकडे २००९ साली घेतलेला डेस्कटॉप संगणक असून त्यावर उबुंटू १४.०४ चालते. स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर नसलेली, १ टीबीची छोटी एक्स्टर्नल हार्ड डिस्क मी त्याच्या समोरच्या यूएसबी पोर्टला जोडतो. डिस्क एक्स्ट४ प्रकाराने फॉरमॅट केलेली आहे. चार-पाच मिनिटे कॉपी नीट चालते, मग थांबते, डिस्कमधून टिकटिक आवाज येतो आणि ‘इनपुट-आउटपुट एरर’ असा संदेश दिसतो. थोड्या वेळाने डिस्क आपोआप पुन्हा दिसू लागते. मुलीच्या लॅपटॉपवरही लिनक्सच आहे. तिथे असे आजवर एकदाच झाले. डिस्कवर घरातले जुने फोटो आणि आईच्या आवाजात मुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत नाही. भाचा म्हणतो, एफएसचेक चालवा, नाहीतर फॉरमॅट करा. काय करावे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू नका, आणि एफएसचेकही आज चालवू नका. भाच्याचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला आपल्या डिस्कला या घडीला घातक ठरू शकतो. एफएसचेक हे फाइलव्यवस्थेची दुरुस्ती करणारे साधन आहे. ते डिस्कवर वाचते तसे लिहितेही, आणि आपण लिहिलेले डिस्कपर्यंत पोहोचते हे गृहीत धरूनच चालते. ज्या डिस्कचा संगणकाशी असलेला संबंध दर पाच मिनिटांनी तुटतो, तिच्यावर दुरुस्ती अर्ध्यावर राहिली, तर आज शाबूत असलेले फोल्डरही उद्या विस्कटलेले सापडतील. आधी संबंध भरवशाचा करायचा आणि मग दुरुस्तीचा विचार करायचा, हा क्रम कृपया मोडू नका.

त्याही आधीचे काम म्हणजे ओव्यांची प्रत काढणे. डिस्क मुलीच्या लॅपटॉपवर बरी चालते, तर आजच तिथे जोडा आणि सर्वप्रथम ध्वनिमुद्रणे, मग फोटो, मग उरलेले, अशा क्रमाने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. त्यासाठी खिडकीतून ओढून टाकण्याऐवजी ‘आरसिंक’ हे कॉपी करणारे साधन वापरावे, कारण मध्येच खंड पडला तर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर ते आधी पूर्ण झालेल्या फाइली सोडून पुढे जाते. कॉपी झाल्यावर दोन-चार मुद्रणे नव्या डिस्कवरून शेवटपर्यंत ऐकून पाहा. फाइलचे नाव आणि आकार दिसतो एवढ्यावर विसंबू नये.

प्रत हातात आली, की मग दोष शोधायला बसावे. आपण दिलेल्या वर्णनात एक फार मोलाची गोष्ट आहे : तीच डिस्क, तीच केबल, पण लॅपटॉपवर एकदाच आणि डेस्कटॉपवर पुन्हा पुन्हा. त्यामुळे माझा पहिला संशय विजेवर जातो. २००९ च्या संगणकावर यूएसबी २ ची पोर्टे असतात आणि अशा एका पोर्टाने उपकरणाला ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज द्यावी असे मानक सांगते. यूएसबी ३ च्या पोर्टासाठी तोच आकडा ९०० आहे. अडीच इंची डिस्कची तबकडी थांबलेल्या स्थितीतून वेग घेते, तेव्हा अनेक डिस्का क्षणभर १ अँपिअरच्या आसपास वीज ओढतात. बऱ्याच मदरबोर्डांची पोर्टे ठरल्यापेक्षा थोडे जास्त देतात म्हणून एरवी निभावून जाते. पण संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, पंधरा वर्षांचा झाला, त्यातले कपॅसिटर थकले, आणि त्यात डिस्क समोरच्या पोर्टाला, म्हणजे मदरबोर्डापासून आतल्या एका बारीक वायरने पुढे आणलेल्या जोडणीला लावली, तर व्होल्टेज खाली येते. व्होल्टेज पडले की डिस्क आपला वाचणारा भाग झटक्याने बाजूला घेते आणि पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करते. टिकटिक आवाज असाही येऊ शकतो. तो ऐकून डिस्क मेली असे ठरवण्याची घाई करू नये, आणि तो क्षुल्लकही मानू नये. पुरेशी वीज मिळूनही आवाज राहिला, तर डिस्क त्या क्षणी बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी.

हा संशय खरा की खोटा ते संगणकच सांगेल. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्या. ती डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांनी लिहितात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्या प्रत्येक उपकरणाबद्दल जे नोंदवत असतो ते तिथे ओळीने दिसते. डिस्क तुटल्यावर लगेच ही आज्ञा देऊन शेवटच्या पन्नास ओळी एखाद्या फाइलमध्ये जपून ठेवा. त्यात ‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’, ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशा ओळी असतील, किंवा ‘एरर’ या शब्दापुढे उणे ७१ वा उणे ११० हे आकडे असतील, तर गडबड संगणक आणि डिस्क यांच्यामधल्या वाटेवर असण्याची शक्यता जास्त. उणे ७१ म्हणजे आलेले संकेत मोडके होते, आणि उणे ११० म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच आले नाही. याउलट ‘मीडियम एरर’ आणि ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ हे शब्द दिसले, तर डिस्कशी बोलणे नीट चालू होते, पण तबकडीवरची जागाच वाचता आली नाही असा त्याचा अर्थ होतो. ‘बफर आय-ओ एरर’ ही ओळ मात्र दोन्ही प्रकारांत येते. तिच्याकडे पाहून निष्कर्ष काढू नये, तिच्या आधी काय लिहिले आहे ते वाचावे. पुष्कळ लोक नेमकी हीच ओळ वाचून डिस्क फेकून देतात, याचे मला वाईट वाटते.

याच नोंदींत आणखी एक गोष्ट कळेल. तुटण्याआधी डिस्कचे नाव ‘एसडीबी’ असेल, तर परत आल्यावर ते बहुधा ‘एसडीसी’ झालेले असते, कारण जुने नाव अजून उघड्या असलेल्या फोल्डराने धरून ठेवलेले असते. म्हणून डिस्क दिसते, पण जुन्या खिडकीत काहीच उघडत नाही. त्या खिडक्या बंद करून, जुनी जोडणी अनमाउंट करून, म्हणजे लिनक्सला ती सोडायला सांगून, डिस्क काढावी आणि नव्याने जोडावी. नाव असे बदलते हे कोणतीही आज्ञा देताना लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष बदल करून पाहू, पण एका वेळी एकच. पहिल्यांदा डिस्क मागच्या बाजूच्या पोर्टाला लावा. ती पोर्टे थेट मदरबोर्डावर जोडलेली असतात. एक्स्टेन्शन केबल असेल तर काढा. मग केबल बदला, आणि नवी केबल आखूड व जाडसर घ्या, कारण लांब व बारीक तारेत व्होल्टेज अधिक घटते. आपल्या बाजूच्या दमट, खाऱ्या हवेत प्लगच्या धातूवर गंज चढतो, तेव्हा दोन्ही टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवून घ्यावीत. डिस्कच्या बाजूचा चपटा रुंद प्लग हातात सैल वाटत असेल, तर दोष तिथेही असू शकतो. एवढे करूनही डिस्क तुटत असेल, तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब आणा. अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट आणि किमान २ अँपिअरचा असावा. त्या हबावर डिस्क तासभर निर्वेध चालली, तर प्रश्न विजेचा होता हे जवळजवळ नक्की झाले.

‘एलएसयूएसबी’ या आज्ञेच्या सविस्तर उत्तरात ‘मॅक्सपॉवर’ म्हणून एक आकडा दिसतो, त्यावर मात्र जाऊ नका. डिस्कने संगणकाला सांगितलेली ती आपली मागणी असते. वेग घेताना ती खरोखर किती वीज ओढते याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो.

डिस्कची प्रकृती पाहण्यासाठी ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज घ्या. यूएसबी पेटीतल्या, म्हणजे बाहेरच्या कवचात बसवलेल्या, डिस्ककडून उत्तर मिळवायला ‘स्मार्टसीटीएल’ आज्ञेला बहुतेक वेळा ‘सॅट’ हा प्रकार सांगावा लागतो. येणाऱ्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींचा शेवटचा स्तंभ पाहा. ५ म्हणजे बदली जागा दिलेले सेक्टर (तबकडीवरचे साठवणुकीचे छोटे तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय लांबलेले, आणि १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. तिन्ही शून्य असतील तर चांगलेच. १९७ चा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, तर ती डिस्क महत्त्वाच्या कामातून काढावी. १९९ या ओळीबद्दल नेहमी गैरसमज होतो. ती पेटीच्या आत, डिस्क आणि यूएसबी पूल (डिस्कचे बोलणे यूएसबीत बदलून देणारा भाग) यांच्यातल्या जोडणीच्या चुका मोजते. आपण बदलत असलेली बाहेरची केबल तिच्यात मोजली जात नाही.

हे सारे निर्दोष निघाले तरच सॉफ्टवेअरकडे वळावे. एखादे नवे लिनक्स पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, त्याच डेस्कटॉपवर सुरू करून तीच कॉपी करून पाहा. तिथेही डिस्क तुटली, तर जुन्या उबुंटूचा दोष जवळजवळ नाही. तिथे न तुटता इथेच तुटली, तर पेटीतला यूएसबी पूल एका दमात येणाऱ्या मोठ्या मागण्यांनी गोंधळतो का, ते तपासावे. कर्नल अशा डिस्ककडे एका वेळी जास्तीत जास्त २४० सेक्टर, म्हणजे १२० किलोबाइट मागते. ‘सिस’ फोल्डरात त्या डिस्कच्या नावाखाली ‘मॅक्स-सेक्टर्स’ ही नोंद असते, तिथे १२८ किंवा ६४ लिहून पाहावे. डिस्क काढून पुन्हा लावली की हा बदल जातो, त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही. वेग मात्र कमी होतो. वीजबचतीसाठी पोर्ट झोपवण्याची सोयही कधी कधी दोषी असते, पण मग डिस्क स्वस्थ पडून राहिल्यावर तुटते. आपली ऐन कॉपीत तुटते, म्हणून मी त्या वाटेला जाणार नाही.

उबुंटू १४.०४ ची सर्वसाधारण मुदत २०१९ च्या एप्रिलमध्ये संपली, तेव्हा ते कधीतरी बदलावे लागेलच. बदलल्यावर एक गोष्ट नव्याने भेटू शकते. ‘यूएएस’ नावाची यूएसबी डिस्कांशी बोलण्याची वेगवान पद्धत कर्नल ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून, खऱ्या अर्थाने वापरात आली, आणि काही पेट्यांना ती झेपत नाही. तेव्हा नोंदींत ‘यूएएस’ हा शब्द आणि रीसेटच्या ओळी एकत्र दिसल्या, तर ‘यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स’ या पर्यायात आपल्या डिस्कचे दोन ओळखक्रमांक आणि ‘यू’ हे अक्षर देऊन त्या एका पेटीपुरती ती बंद करता येते.

लॅपटॉपवरही कॉपी पुरी झाली नाही, तर ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ वापरावे. उबुंटूत त्याच्या पॅकेजच्या नावाला सुरुवातीला एक ‘जी’ जास्त असतो. ते फाइली पाहत नाही, पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेते. आधी सहज वाचता येणारे उचलते आणि अवघड जागा शेवटी ठेवते. कुठवर वाचले याचा नकाशा ते वेगळ्या फाइलीत लिहीत जाते, म्हणून डिस्क तुटल्यास काम थांबवून, तिचे नाव पुन्हा तपासून, तीच नकाशा फाइल देऊन पुढे सुरू करता येते. मूळ डिस्क आणि प्रत यांची नावे उलटी पडली तर सर्व काही पुसले जाईल. म्हणून एसडीबी-एसडीसी ही नावे न वापरता ‘बाय-आयडी’ फोल्डरातली, डिस्कचा अनुक्रमांक असलेली नावे द्यावीत. एफएसचेक चालवायचे ते नंतर, आणि त्या प्रतिमेच्याही प्रतीवर.

प्रश्न : जुन्या लिनक्स संगणकावर पेन ड्राइव्हवर कॉपी करताना पट्टी काही सेकंदांत शंभर टक्के होते, पण ड्राइव्ह काढून दुसरीकडे लावली की फाइल अर्धवट निघते.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : ड्राइव्ह निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक आहे. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेते आणि मग सवडीने ड्राइव्हवर उतरवते. पट्टी पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे दाखवते. मोठी फाइल आणि हळू पेन ड्राइव्ह असेल, तर दुसऱ्या टप्प्याला पुढे कित्येक मिनिटे लागतात. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ ही आज्ञा द्या. ती परत येईपर्यंत थांबा, मग ‘सेफली रिमूव्ह’ करा आणि त्यानंतरच ड्राइव्ह ओढा.

प्रश्न : विंडोजवर वापरलेली एनटीएफएस डिस्क लिनक्सवर फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. डिस्क खराब झाली का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे संगणक बंद केला तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि त्या वेळी जोडलेली डिस्क उघड्या अवस्थेत राहिल्याची खूण तिच्यावर राहू शकते. ती पाहून लिनक्स लिहिण्यास नकार देते, आणि ते योग्यच आहे. डिस्क पुन्हा विंडोजला जोडा, फास्ट स्टार्टअप बंद करा आणि डिस्क ‘इजेक्ट’ करूनच काढा. तरीही अडले, तर विंडोजवरच ‘चेकडिस्क’ हे डिस्क तपासणारे साधन चालवा. लिनक्सवरचे ‘एनटीएफएसफिक्स’ मोजक्याच त्रुटी सुधारते, ते चेकडिस्कच्या जागी वापरू नये.