आयमारा आणि केचुआ एका घरच्या का?

प्रश्न : आयमारा आणि केचुआ या अँडीज पर्वतातल्या भाषांचे कितीतरी शब्द सारखे आहेत. मग त्यांचं कूळ एकच का मानत नाहीत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सारखेपणा खरा आहे, पण तो कुठे आहे ते बघा. तीन, पाच, सहा आयमारात किम्सा, फिस्का, सुख्ता. केचुआत किम्सा, पिच्का, सुक्ता. एक, दोन, चार मात्र माया, पाया, पुसी आणि हुक, इस्काय, तावा. सर्वनामं तर पार वेगळी : 'मी' आयमारात नया, केचुआत न्योका. शेकडो वर्षांच्या शेजारात शब्दांची देवाणघेवाण होतेच. सोलापुरात कानडी 'अक्का', 'अण्णा' मराठी घरात सर्रास चालतात, म्हणून मराठी द्राविडी ठरत नाही.

आता पेरूतल्या तूपे गावची हाकारू भाषा घ्या. मी, तू, तो : आयमारात नया, हुमा, हुपा; हाकारूत ना, हुमा, उपा. दोन्हींत 'आपण' हा स्वतंत्र चौथा पुरुष आहे, आणि कर्ता-कर्म मिळून क्रियापदाला एकच प्रत्यय लागतो. असं व्याकरण सहसा उसनं येत नाही. म्हणून या दोघी एका छोट्या कुळातल्या. काचुय गावची काउकी तिसरी. काही अभ्यासक तिला हाकारूचीच बोली मानतात.

स्वतः पडताळायचं तर शरीराचे अवयव, पाणी, सर्वनामं अशा शंभरेक मूलभूत शब्दांची यादी करा. उसने वाटणारे बाजूला काढा. उरलेल्यांत एका ध्वनीच्या जागी ठरावीक दुसरा ध्वनी पुन्हापुन्हा येतो का, ते तपासा. नुसत्या कानाला सारख्या वाटणाऱ्या जोड्या मोजल्या की वर्गीकरण हमखास चुकतं.