शुद्ध कॉफी, चिकोरी आणि आजींचा चिंचोका

प्रश्न : माझी सून म्हैसूरकडची, तिला फिल्टर कॉफीच लागते. इथल्या बाजारातून सुटी कॉफी पूड आणली. ती पाण्यावर टाकली तर बरीचशी बुडाली आणि पेल्यात तांबूस रेघा उतरल्या. शेजारच्या आजी म्हणतात, “यामा चिंचोका शेतस.” (यात चिंचोका आहे.) दुकानदार म्हणतो, पूड शुद्ध आहे. खरं कोणाचं? – एक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, दुकानदाराचं खरं वाटत नाही, पण आजींचंही लगेच मानू नका. त्या रेघा बहुधा चिकोरीच्या. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, आपल्या शेजारी गुजरातेत जामनगरकडे पिकतं. भाजताना त्यातली साखर करपते, म्हणून कण भिजून बुडतो आणि रंग सोडत जातो. कॉफीचा कण तेलकट, तो वर तरंगतो. (इन्स्टंट कॉफीवर हा प्रयोग करू नका, ती सगळीच विरघळते.)

चिकोरी घालणं हा गुन्हा नव्हे. दक्षिणेत कितीतरी घरांत मुद्दाम घेतात, तुमच्या सुनेलाच विचारा. मात्र मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. ‘शुद्ध’ म्हणून मिश्रण विकलं की ती फसवणूक.

चिंचोक्यासाठी घरी एकच उपाय : टिपकागदावर पूड भुरभुरवून त्यावर धुण्याच्या सोड्याचं एक टक्का पाणी शिंपडायचं. लाल डाग उमटले तर चिंचोका किंवा खजुराची बी. पण भाजणी गडद असेल तर कॉफीचा तपकिरी डागही डोळ्याला फसवतो. प्रयोगशाळेत नोकरी केली तेव्हा निव्वळ डागावरून मी कधी निकाल लिहिला नाही.

आमचं पहिलं काम सूक्ष्मदर्शकाखाली. कॉफीच्या दाण्याच्या पातळ पापुद्र्यात टोकदार, जाड भिंतीच्या पेशी असतात. एकदा ओळखू आल्या की विसरत नाहीत. चिकोरीच्या मुळातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या अगदी वेगळ्या. भाजलेला मका किंवा ज्वारी असेल तर स्टार्च सापडतो, कॉफीत तो नसल्यातच जमा. पूड उकळून केलेल्या काढ्याचा रंग पोटॅशियम परमँगनेट आणि आम्लाने आधी घालवायचा, मग आयोडीन टाकायचं. निळं आलं की धान्य आहे. रंग न घालवता आयोडीन ओतणारे नवशिके मी पाहिले आहेत. काळ्या काढ्यात निळं दिसणार कसं?

नंतर आकडे. शुद्ध भाजक्या कॉफीचा पाण्यात उतरणारा अंश २६ ते ३५ टक्के, चिकोरीचा किमान ५५. हा आकडा वर सरकला की चिकोरीचा संशय. कॅफीन शुद्ध पुडीत निदान १ टक्का, मिश्रणात ०.६ टक्का हवं. पण रोबस्टा जातीच्या कॉफीत अरेबिका जातीपेक्षा कॅफीन जवळपास दुप्पट, त्यामुळे रोबस्टा वापरून भेसळ करणारा कॅफीनच्या आकड्यातून निसटू शकतो. म्हणून मोठ्या प्रयोगशाळांत पूड आम्लात उकळून तिच्यातल्या साखरा क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक सुटे करण्याच्या पद्धतीने) वेगवेगळ्या मोजतात. धान्याने ग्लुकोज चढतं. चिंचोक्याने ग्लुकोजबरोबर झायलोजही. खजुराची बी मात्र लबाड. तिच्यातली मॅनोज ही साखर कॉफीतही भरपूर असते, तेव्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकच कामाला येतो.

तपासून घ्यायचं असेल तर अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. म्हणजे घरातली उघडलेली पुडी चालणार नाही. नवी घ्या आणि पक्कं बिल मागा. नमुना बरोबर नाही असं ठरलं तर भरलेलं शुल्क परत मिळतं. तपासायचं आहे म्हटल्यावर दुकानदार वेगळ्याच डब्यातून पूड काढू लागला, तर तेही लक्षात ठेवा.