थांबलो तर पेन्शन स्वस्तात जाईल का?

"मॅडम, अठ्ठावन्नला बाहेर पडलं की पेन्शन जास्त भावाने विकली जाते. मग साठीपर्यंत थांबून तोटा कशाला करून घ्यायचा?"

निवृत्तीच्या उंबरठ्यावरची माणसं हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा घेऊन आली आहेत की शेवटी मी नियम नीट वाचून काढले. पैशाची काळजी घेऊन आलेल्या माणसाचा हिशोब आधी मांडावा, मन नंतर, असं माझं ठाम मत आहे. आकडा धूसर असला की भीतीला त्याच्या आड लपायला जागा मिळते.

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ पोस्टातले. मुलाला बदलापूरला फ्लॅट घ्यायचा होता. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून तयार होता आणि सोबत त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. ऑफिसातल्या मित्रांनी त्यांना दिलेले आकडे खरेच होते. केंद्राच्या नोकरीत मूळ पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा विकता येतो, म्हणजे तो दरमहा न घेता सुरुवातीलाच एकरकमी घेता येतो. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात. विकलेल्या मासिक रकमेला आधी 12 ने आणि मग सरकारी तक्त्यात वयासमोर दिलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. वय धरतात ते पुढच्या वाढदिवसाचं. त्यामुळे 58 पूर्ण करून निघणाऱ्याला 59 चा गुणक लागतो, 8.371. साठीला निघणाऱ्याला 61 चा, 8.194.

"बघा, कमी झाला की नाही?" ते म्हणाले.

मी त्यांच्याच हातात पेन दिलं. आज निघाले तर मूळ पगार 60,400, पेन्शन 30,200. तिचे 40 टक्के 12,080, हातात एकरकमी सुमारे 12 लाख 13 हजार. दोन वेतनवाढी घेऊन साठीला निघाले तर पगार 64,100, पेन्शन 32,050, विकलेला हिस्सा 12,820 आणि रक्कम सुमारे 12 लाख 60 हजार. गुणक दोन वर्षांत जेमतेम 2 टक्क्यांनी उतरतो, पगार वर्षालाच 3 टक्क्यांनी चढतो. शिवाय वाढलेली पेन्शन जन्मभराची.

हिशोब पटला, चेहरा मात्र सुटला नाही. पुढच्या दोन्ही भेटींत ते पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येत राहिले: कापलेला हिस्सा 15 वर्षांनी परत सुरू होतो, म्हणजे साठीला विकला तर पंचाहत्तरीला. "पंचाहत्तरी कुणी बघितलीय?"

पूर्वी मी इथे सरासरी आयुर्मान वगैरे सांगत बसले असते. आता विचारलं, "वडील कधी निवृत्त झाले?"

"अठ्ठावन्नला. तेही पोस्टातच होते. तेव्हा 58 च होतं." केंद्रात 1998 मध्ये 60 झालं, त्याआधीची ही गोष्ट.

"आणि गेले कधी?"

"एकसष्टाव्या वर्षी. तीन वर्षं पेन्शन खाल्ली फक्त." पेनचं टोपण ते लावत होते, काढत होते. "सरकारकडेच राहिले पैसे."

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं शिकायला मला बरीच वर्षं लागली. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "म्हणजे मी बाबांच्या वयाला निवृत्ती घ्यायला निघालोय का?"

वरकरणी हा गुणकाचा प्रश्न होता. आत मात्र 'आपणही तीनच वर्षं जगणार' हे गृहीत बसलं होतं, आणि ते त्यांनी कधी उघड तपासलंच नव्हतं. तपासल्यावर माणूस हलका होतो, हे मी वारंवार पाहिलंय.

इतका वेळ गप्प असलेल्या वहिनींनी तेव्हा कागद स्वतःकडे ओढला. "ताई, सगळे 40 टक्के विकले तर महिन्याला मूळ किती उरतील?"

19,230. महागाई भत्ता मात्र पूर्ण 32,050 वरच मिळतो, हे त्यांना आवर्जून सांगितलं.

"आणि हे नसताना मला किती?"

कुटुंब निवृत्तिवेतनाला विक्रीची कात्री लागत नाही. नेहमीच्या दराने शेवटच्या पगाराचे 30 टक्के, म्हणजे पुन्हा 19,230. त्यांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, म्हणजे तुम्ही असताना पण घर तेवढ्यातच चालवायचं?"

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. कागदाकडे बघत राहिले.

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: गुणकासाठी नोकरी लवकर सोडू नका. तब्येतीसाठी, घरासाठी सोडायची तर तो विचार वेगळा. 40 ही कमाल मर्यादा आहे, तेवढे विकलेच पाहिजेत असं नाही. 12 लाख 60 हजारांच्या बदल्यात 15 वर्षांत 23 लाखांवर कपात होते. कर्जासारखं पाहिलं तर व्याज साधारण 9 टक्के पडतं. पण मधेच माणूस गेला तर बाकी कुणाकडे मागत नाहीत, म्हणून ज्याची तब्येत खरंच नाजूक आहे त्याने जास्त विकण्यात शहाणपण आहे. विकायचं ठरलं तर निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज करा. पुढे वैद्यकीय तपासणी मागे लागते आणि वय वाढेल तसा गुणकही उतरतो.

त्यांनी अर्ज फाडला. साठीला निवृत्त झाले आणि 20 टक्केच विकले, सुमारे 6 लाख 30 हजार आले. फ्लॅटच्या उरलेल्या पैशांसाठी मुलाने स्वतःच्या नावावर कर्ज काढलं.