चकमकीची रायफल आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या विल्यम्सबर्गविषयी लिहिलं होतं, तिथे १८व्या शतकातले धंदे त्याच काळातल्या अवजारांनी करून दाखवतात आणि त्यात बंदूक बनवणाऱ्यांचं दुकानही आहे. त्यावर भरपूर प्रश्न आलेत, निवडक घेतोय.

प्रश्न: एकटा माणूस लोखंडाच्या पट्टीपासून रायफलची नळी करतो हे पटत नाही. मशीनशिवाय एवढं लांब सरळ भोक पडेल कसं?

आधी भोक पाडतच नाहीत, इथेच सगळी गंमत आहे. जाड पट्टी भट्टीत पार पांढरी होईपर्यंत तापवायची, सळीभोवती वळवून कडा कडेला भिडवायची आणि हातोड्याने ठोकून सांधायची, ते पण एका दमात नाही, दोन-तीन इंच झालं की परत भट्टीत, आणि सळी आत चिकटायच्या आधी काढून घ्यायची. ताव कमी पडला तर सांधा धरत नाही, जास्त झाला तर लोखंडच जळतं, आणि हे सगळं नुसतं रंगावरून ओळखायचं. असं करत करत ४०-४५ इंचांची नळी होते, मग बाहेरून अष्टकोनी घडवायची, आतून लांब दांड्याच्या पात्यांनी हळूहळू कोरत गुळगुळीत करायची. सरळ आहे का ते बघायला आतून दोरा ताणतात आणि प्रकाशाकडे धरून बघतात, जिथे दोरा भिंतीला टेकत नाही तिथे वाक, मग परत हातोडी.

यानंतर आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा. लाकडाचा एक जाड दंडगोल, त्यावर पिळाच्या खाचा, तो पुढेमागे ओढला की दांडा फिरत फिरत नळीतून जातो आणि टोकाचं बारीक पातं प्रत्येक वेळी केसाएवढा कीस काढतं. पातं कापेनासं झालं की त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा, म्हणजे ते जरासं वर येतं. साधारण ७-८ आटे असतात, आणि ४८ इंचांच्या आसपास एक अख्खा पीळ. लोक दस्त्यावरचं कोरीवकाम बघून वा वा करतात, मी तर म्हणेन नळीला डोळा लावून बघा, कारागीर कसा आहे ते तिथे कळतं.

प्रश्न: म्हणजे त्या काळी प्रत्येक बंदूकवाला सगळं स्वतःच करायचा?

नाही हो, आणि हे जरा स्पष्टच लिहितो कारण फोटोंखाली कायम 'पूर्वीचे लोक सगळं हाताने करायचे' असं काहीतरी असतं. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन आणि स्विस लोक येऊन राहिले, त्यांनी आपली आखूड जर्मन शिकारी रायफल सोबत आणली आणि तिचीच पुढे लांब अमेरिकन रायफल झाली. पण तिथले कारागीरसुद्धा चापाची कळ (म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा) बऱ्याचदा इंग्लंड-जर्मनीहून आलेली तयार घ्यायचे, नळ्या पाणचक्कीवर चालणाऱ्या कारखान्यातून यायच्या. धंदा होता, गिऱ्हाईक थांबलेलं असायचं! स्क्रूपासून नळीपर्यंत सगळं एकाच हातचं हा हट्ट जास्त करून आपल्या काळातला, विल्यम्सबर्गच्या त्या दुकानातले कारागीर वॉलेस गस्लर यांनी १९६०च्या दशकात तशी रायफल करून दाखवली. माझ्या मते त्यांचं मोठेपण याने कमी होत नाही, उलट लोहारकी, पितळेचं ओतकाम, सुतारकी, नक्षी हे सगळं एकाच माणसाला येणं तेव्हाही सोपं नव्हतं.

प्रश्न: ठिणगी गारगोटीतून निघते ना? मग गारगोटी संपते किती दिवसात?

ठिणगी गारेची नसतेच, पोलादाची असते. घोड्यात पकडलेली गार समोरच्या पोलादी पानावर घासते, त्याचे बारीक कण खरवडले जातात आणि तापून पेटतात, ते खाली रंजकीत, म्हणजे थोडी दारू ठेवलेल्या छोट्या वाटीत पडतात, ती दारू म्हणजे रंजक पेटते आणि नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून जाळ आतल्या दारूपर्यंत पोचतो. म्हणून ते पान चांगलं कडक लागतं, मऊ राहिलं तर गार कितीही धारदार असू दे, ठिणगी पडत नाही. गार बोथट होते, तिची धार टवके काढून परत करतात, नाहीतर सरळ बदलतात.

प्रश्न: दस्त्यावरचे वाघासारखे पट्टे रंगवलेले असतात का?

नाही, मेपलच्या लाकडातच असतात, तंतू लाटेसारखे गेलेले असतात म्हणून. लोखंड विरघळवलेलं नायट्रिक अ‍ॅसिड लावून ऊब दिली की ते उठून दिसतात, वरून जवसाचं तेल. दिसायला झकास, पण असं लाकूड रंध्याला फार त्रास देतं, टवके निघतात.

प्रश्न: रायफल एवढी अचूक होती तर सैन्याने साध्या नळीची मस्केट का ठेवली?

वेळ! गोळी तेल लावलेल्या कापडात गुंडाळून घट्ट ठासावी लागते, तरच ती आटे धरते, त्यामुळे मस्केटचे मिनिटाला तीनेक बार होतात तेव्हा रायफलचा जेमतेम एक. शिवाय या शिकारी रायफलींना संगीन लावायची सोय नसायची, शत्रू अंगावर आला की पंचाईत. तरी १४ जून १७७५ला अमेरिकन काँग्रेसने रायफलवाल्यांच्या १० कंपन्या उभ्या करायचं ठरवलं, ६ पेनसिल्व्हेनियाच्या, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या दोन-दोन. त्यांचं काम लांबून नेम धरणं, रांगेत उभं राहून बार काढायला मस्केटवालेच.