रिन्यूअलचे पैसे अँटीव्हायरसला द्यावेत की हार्ड डिस्कला?

तुमच्या पत्राचा सारांश असा: घरात विंडोज ११ चा एक लॅपटॉप आणि विंडोज १० वर चालणारा एक जुना डेस्कटॉप आहे. लॅपटॉपबरोबर आलेल्या पेड अँटीव्हायरसची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय आणि कंपनी तीन वर्षांचा, पाच डिव्हाइसचा प्लॅन घ्या म्हणून मागे लागली आहे. मुलगी म्हणते, "बाबा, फुकटचा पुरतो." तुमचं म्हणणं, बँकेचे व्यवहार होतात तिथे फुकटच्या भरवशावर कसं राहायचं? शिवाय हा खर्च विम्याच्या खात्यात धरावा का, असंही तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. विम्यात धरू नका. विमा कंपनी नुकसान झाल्यावर पैसे देते. अँटीव्हायरस हे कुलूप आहे, ते फुटलं तर कुलूपवाला भरपाई देत नाही. "व्हायरस काढून देण्याची हमी" अशी जी जाहिरात असते, तिच्या अटी वाचा. बहुतेक ठिकाणी ती लायसन्सची फी परत करण्यापाशीच संपते. तुमचे फोटो, हिशेब, खात्यातून गेलेले पैसे यांचा त्यात संबंध नसतो. काही देशांत महागड्या प्लॅनबरोबर ओळखचोरीचा खराखुरा विमा येतो, पण त्याची पॉलिसी वेगळी असते आणि अटीही वेगळ्या. तेव्हा हा साधा, दरवर्षी परत येणारा खर्च आहे. अशा खर्चाला मी एकच प्रश्न विचारतो: जे आधीच हातात आहे, त्याच्यापेक्षा यात जास्तीचं काय मिळतंय?

हातात काय आहे ते बघू. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा पुरा अँटीव्हायरस म्हणून विंडोजच्या आतच येतो. त्याचे पैसे तुम्ही विंडोजबरोबर भरून झालेत. फुकटचं म्हणजे कच्चं, हा तुमचा समज हवेतून आलेला नाही. मायक्रोसॉफ्टच्या त्या वेळच्या मोफत अँटीव्हायरसचं प्रमाणपत्र जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेने २०१२ साली काढून घेतलं होतं. त्या काळात पैसे मोजणारा माणूस शहाणाच होता. पण गेली काही वर्षं त्याच प्रयोगशाळेच्या चाचण्यांत डिफेंडरला संरक्षणाचे ६ पैकी ६ गुण वारंवार मिळताहेत. एक उणीव मात्र आहे. डिफेंडरची बरीच ताकद इंटरनेटच्या पलीकडच्या सर्व्हरवर आहे, त्यामुळे नेट बंद असताना तो काही पेड स्पर्धकांपेक्षा कमी पकडतो. नेट नसलेल्या कॉम्प्युटरला सतत परक्या पेन ड्राइव्ह लागत असतील तर हा मुद्दा गंभीर. तुमच्या घरी तसं काही दिसत नाही.

म्हणजे व्हायरस पकडण्यापुरतं पाहिलं तर पेड प्लॅन तुम्हाला फारसं नवं काही देत नाही, आणि कंपन्यांनाही ते ठाऊक आहे. म्हणून तर हल्ली प्लॅनमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरची तुमची ये-जा झाकणारी सोय), पासवर्ड मॅनेजर, मुलांवर लक्ष ठेवायची सोय, क्लाउडवर थोडी जागा असा सगळा संसार भरलेला असतो. यातली एखादी गोष्ट तुम्हाला खरंच हवी असेल तर तिचीच वेगळी किंमत काढा आणि मग तुलना करा. गेल्या वर्षभरात या प्लॅनमधलं काय काय उघडून वापरलं, ते आठवून बघा. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं या प्रश्नावर थोडी ओशाळून हसतात.

आता मुलीच्या बाजूचंही एक सांगायला हवं. "फुकटचा" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. विंडोजमधला डिफेंडर ही पहिली, तिच्याबद्दल बोललो. दुसरी म्हणजे बाहेरच्या कंपन्यांचे मोफत अँटीव्हायरस. पकडायला ते वाईट नाहीत, पण कंपनीला पैसे कुठून तरी मिळवावेच लागतात. निदान "पेड घ्या, पेड घ्या" असा तगादा तरी सोसावा लागतो. कधी प्रकरण पुढेही जातं. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. २०२० मध्ये ते उघडकीला आल्यावर जंपशॉट बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. गंमत अशी की हे सॉफ्टवेअर पाळतीपासून वाचवतं, अशी त्याची जाहिरात होती. आणि नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा ही चारही नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. या चौघांत भाव पाडून घेतल्याचं समाधान फार मोठं मानू नका. तिसरा फुकटचा प्रकार म्हणजे कुठून तरी मिळवलेली चोरीची की किंवा क्रॅक. त्यापेक्षा काहीच नसलेलं बरं.

तीन वर्षांच्या प्लॅनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. या धंद्यात पहिल्या वर्षाला भरघोस सूट आणि रिन्यूअलला पूर्ण भाव, तोही कार्डावरून आपोआप, ही जुनी रीत आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने सिमँटेक (तेव्हाची नॉर्टनवाली कंपनी) आणि मॅकॅफी या दोन अँटीव्हायरस कंपन्यांकडून याच कारणासाठी प्रत्येकी ३,७५,००० डॉलर वसूल केले होते. लांब मुदतीत वार्षिक दर कमी दिसतो, पण पैसे आज जातात आणि सेवा तीन वर्षं टिकेल ही जोखीम तुमच्या गळ्यात पडते. कॅस्परस्की या रशियन अँटीव्हायरस कंपनीच्या अमेरिकेतल्या ग्राहकांचं बघा. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने बंदी घातली, सप्टेंबरअखेर अपडेट थांबले आणि अनेकांच्या कॉम्प्युटरवर न विचारता दुसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर येऊन बसलं. त्यातून तुमचा डेस्कटॉप तीन वर्षं टिकेल का, याचीच मला शंका आहे.

त्या डेस्कटॉपची चिंता मला लॅपटॉपपेक्षा जास्त वाटते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तीही मर्यादित काळापुरती. अपडेट नसलेल्या विंडोजची भोकं कितीही महाग अँटीव्हायरसने बुजत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, जगभर कॉम्प्युटर ठप्प केले. ज्या दोषातून तो पसरला, त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. मार खाल्ला तो मुख्यतः ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांनी. तेव्हा डेस्कटॉपवर विंडोज ११ चालत असेल तर ते घाला, नाहीतर वाढीव अपडेटची नोंदणी करा. दोन्ही जमत नसेल तर बँकेचं काम त्यावर बंद.

बँकेचा विषय तुम्ही काढला आहेच. घरातल्या माणसाचे पैसे जातात ते बहुधा त्याने स्वतः खोट्या पानावर पासवर्ड टाकला म्हणून, ओटीपी सांगितला म्हणून, किंवा फोनवरच्या "मदतनिसाला" स्क्रीनचा ताबा दिला म्हणून. पेड प्लॅन खोट्या वेबसाइट अडवतो हे खरं, पण ब्राउझरही आपल्या परीने ते करतो. आणि तुम्ही स्वतः दिलेला ओटीपी कोणताच प्लॅन परत आणत नाही. बँक, ई-मेल या सगळ्यांना वेगवेगळे पासवर्ड आणि जिथे मिळेल तिथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, याला पैसे लागत नाहीत. लागतो तो एका संध्याकाळचा कंटाळा.

पैसे लागतात ते बॅकअपला, आणि रिन्यूअलची रक्कम मी तिथे वळवीन. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा फोटो, कागदपत्रं, हिशेब त्यावर उतरवा आणि झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं. हा खर्च एकदाच होतो आणि व्हायरसशी संबंध नसलेल्या संकटातही कामी येतो: डिस्क बंद पडली, लॅपटॉप चोरीला गेला, कुणी चुकून फोल्डर उडवलं. कुठलाही अँटीव्हायरस त्यातली एकही फाइल परत देणार नाही.

मग पेड घ्या असं मी कुणालाच सांगत नाही का? सांगतो. घरात दिसेल त्या लिंकवर बोट ठेवणारं कुणी असेल आणि तुम्ही दिवसभर बाहेर असाल, तर फोनवर मदत करणारा खरा माणूस त्या पैशांत मिळतो, त्याची किंमत आहे. दुसरं, घरून लोकांचे हिशेब किंवा कर भरायचं काम करत असाल तर बाहेरच्या कंपन्यांचे मोफत अँटीव्हायरस बहुधा फक्त वैयक्तिक वापरापुरते असतात, आणि दुसऱ्याची माहिती गेली तर जबाबदारी तुमची. तेव्हाही घ्यायचा तो एकेका वर्षाचा.

तुम्ही आता ऑटो-रिन्यूअल बंद करा, पण कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः लॉगिन करून. नुसतं सॉफ्टवेअर काढून टाकल्याने कार्डावरची वसुली थांबत नाही. मुदत संपली की जुना अँटीव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झाल्याची खात्री करा. मुदत संपून मेलेला अँटीव्हायरस तसाच ठेवणं ही सगळ्यात वाईट स्थिती. आणि येत्या काही आठवड्यांत "तुमचं सबस्क्रिप्शन रिन्यू झालं, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा" असा मेल आला, तर फोन करू नका. अँटीव्हायरस कंपन्यांच्या नावाने असे खोटे मेल सर्रास फिरतात. पैसे खरंच कापले गेलेत का, ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बघा. कापले गेले असतील तर परताव्याची मुदत किती आहे, ते तुमच्या लायसन्सच्या अटींत लिहिलेलं असतं.