सुट्टीतली खरेदी लक्षात राहते की प्रवास? वस्तूंपेक्षा कृतज्ञता मोठी, हे तुम्हाला खरंच पटतं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सहलींहून आणलेल्या वस्तूंनी कपाट भरलंय, घेताना झालेला आनंद त्यात आता शोधून सापडत नाही, आणि घरातली मोठी माणसं वर "आहे त्यात समाधान मानावं" म्हणून ऐकवतात. त्या वस्तूंचं करायचं काय, हेही विचारलंय. ते शेवटी सांगते.

प्रवास जास्त लक्षात राहतो, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण "अनुभव चांगला, वस्तू वाईट" अशी सरळ वाटणी मला पटत नाही. वस्तू कुणासाठी घेतली आणि कुणामुळे हातात आली, यावर बरंच काही ठरतं.

आमच्या घरी सुट्टीच्या खरेदीची यादी वहीच्या मागच्या पानावर असायची. आईची यादी वस्तूंची नसायचीच, माणसांची असायची. मागे राहून झाडांना पाणी घालणाऱ्या काकू, घराची किल्ली सांभाळणारे शेजारी, बाबांच्या वाटणीचं काम ओढणारे ऑफिसातले सहकारी. नावापुढची जागा कोरी. तिथे काय लिहायचं ते दुकानात ठरायचं, आणि आम्हा मुलांचा नंबर सगळ्यात खाली. पैसे उरले आणि बॅगेत जागा उरली तर. मला त्या यादीचा भयंकर राग यायचा. आई एखादं कापड उचलायची, उलटं करून आतली शिवण बघायची, बोटांनी ओढून पाहायची आणि बाबांना विचारायची, "अहो, त्यांना आवडेल ना हे?" मग परत ठेवायची. मी पायांवर पाय देत उभी. आता वाटतं, त्या पाच-दहा मिनिटांत ती समोर नसलेल्या माणसाचा जितका बारकाईने विचार करायची, तितका एरवी वर्षभरात कोण कुणाचा करतं?

वस्तूचा आनंद विरतो का, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1971 मध्ये मांडलं की माणूस चांगल्या बदलालाही लवकर सरावतो आणि पुन्हा आधीच्याच पातळीवर येतो. नवी वस्तू आठवडाभर नवी असते, मग ती घरातली होते. 2003 साली लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच यांनी लोकांना दोन प्रकारच्या खर्चांबद्दल विचारलं, काही मिळवण्यासाठी केलेला आणि काही अनुभवण्यासाठी केलेला. अनुभवावरच्या खर्चाने जास्त आनंद दिला, असं बहुतेकांनी सांगितलं. पोट भरण्याची भ्रांत असलेल्याला हा प्रश्नच गैरलागू आहे, हे मात्र विसरू नये.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो तो 2016 चा अभ्यास. जेसी वॉकर, अमित कुमार आणि गिलोविच यांनी ग्राहकांनी इंटरनेटवर लिहिलेले 1200 अभिप्राय तपासले. निम्मे वस्तूंबद्दलचे, निम्मे सहली, कार्यक्रम, हॉटेलातलं जेवण अशा अनुभवांबद्दलचे. आभार मानायला कुणी सांगितलेलं नसतानाही अनुभवांबद्दल लिहिणाऱ्यांच्या लेखनात कृतज्ञता जास्त उमटली होती. त्याच संशोधनात, अशा अनुभवाची आठवण काढल्यावर लोक अनोळखी माणसाला पैसे वाटून देतानाही जास्त सढळ झाले.

असं का होत असावं, यावर माझं स्वतःचं एक मत आहे. दुकानात मी पैसे मोजते, वस्तू घेते, हिशोब संपतो. आभार मानायला पलीकडे कुणी उरतच नाही. प्रवासात मात्र कितीही पैसे टाका, हिशोब पुरा होत नाही. रस्ता चुकल्यावर चार पावलं सोबत येणारा, खिडकीची जागा सोडणारा, बंद होत आलेलं दार धरून ठेवणारा, यातल्या कुणाचंच बिल येत नाही. कृतज्ञतेला समोर माणूस लागतो, आणि प्रवासात तो पावलोपावली भेटतो.

एकदा परतीच्या प्रवासात विमानतळावर आमची मोठी बॅग काट्यावर ठेवली आणि आकडा 23 किलोंच्या पुढे गेला. मग नेहमीचा तमाशा. बॅग तिथेच फरशीवर उघडली, जाड कपडे अंगावर चढवले, पुस्तकं हातातल्या पिशवीत कोंबली. वजन बसलं, पण बंद करताना चेन दातांतून सुटली आणि बॅगेचं तोंड उघडंच राहिलं. मागची रांग चुळबुळ करायला लागली. तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी आपल्या बॅगेभोवतीचा निळा पट्टा सोडला, खाली बसून आमच्या बॅगेला दोनदा गुंडाळला, गुडघ्याने दाबून बकल लावलं आणि म्हणाले, "माझी चेन चांगली आहे, मला नाही लागत." पट्टा परत कसा करायचा हे विचारेपर्यंत ते पुढच्या काउंटरवर गेलेही होते.

त्या बॅगेत आम्ही काय काय भरलं होतं, विचाराल तर सांगता येणार नाही. काचेचं काहीतरी होतं, कारण ते साड्यांत गुंडाळताना आईची धांदल उडाली होती. पट्टा अजून वापरात आहे. बकलचा एक दात तुटलाय, पण धरतो. म्हणून म्हटलं, वस्तूंशी माझं वैर नाही. पट्टाही वस्तूच आहे.

परतीच्या वाटेवर हात इतका सैल का सुटतो, हेही बघण्यासारखं आहे. जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर 1947 साली ब्रेंडन ओ'रेगन यांनी सुरू केलं. अटलांटिक ओलांडणारी विमानं तेव्हा इंधन भरायला तिथे उतरायची, आणि प्रवाशांच्या हाताशी मोकळा वेळ असायचा. वाट बघणारा माणूस आणि समोर मांडलेला माल, ही जोडी तिथे नीट जमली आणि नंतर सगळीकडे पसरली. वर परक्या देशातल्या उरलेल्या नोटा खिशात असतात, आणि सहल संपत आल्याची हुरहुर. नेदरलँड्समधल्या संशोधकांचा 2010 चा एक अभ्यास सांगतो की सुट्टीचा आनंद जाण्याआधी जास्त दिसतो, आणि परतल्यावर बहुतेक प्रवासी न गेलेल्यांपेक्षा काही जास्त आनंदी राहत नाहीत. अपवाद फक्त ज्यांची सुट्टी फारच निवांत गेली त्यांचा. शेवटच्या तासात आपण जे विकत घेतो, ते मला पुष्कळदा ही सुट्टी थोडी लांबवण्याचे पैसे वाटतात. कपाटातल्या बऱ्याच वस्तू त्याच तासातल्या असतील, पाहा बरं.

आता मोठ्यांच्या "समाधान माना" बद्दल. इथे मी तुमच्या बाजूने आहे. कृतज्ञता दुसऱ्याने फर्मावली की तिचा वापर तोंड बंद करायला होतो. मुलाने खेळणं मागितलं की "तुला किती मिळतं, इतरांना बघ" म्हणायचं, सुनेने तक्रार केली की "नशीब समज" म्हणायचं, कामगाराने पगारवाढ मागितली की "नोकरी आहे हेच खूप" म्हणायचं. ऐकणाऱ्याच्या मनात त्याने फक्त ओशाळलेपण येतं, किंवा राग. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या 2003 च्या ज्या प्रयोगाचा हवाला सगळे देतात, त्यातल्या एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटलेल्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी. पहिल्या गटाला आपलं एकूण आयुष्य जास्त बरं वाटलं. पण काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवलं होतं. शेजारी उभं राहून कुणी यादी सांगत नव्हतं.

मला त्याहून उपयोगी वाटतो तो अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा 2018 चा अभ्यास. त्यांनी लोकांना कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरचा अवघडेल. प्रत्यक्षात तो अंदाजापेक्षा कमी अवघडला आणि कितीतरी जास्त सुखावला. लिहिणारे आपले शब्द नीट जुळलेत का, याच चिंतेत. वाचणाऱ्याचं लक्ष शब्दांवर नव्हतंच, कुणीतरी आठवणीने लिहिलं यावर होतं. पट्टेवाल्या गृहस्थांना मला काही कळवता येणार नाही. पण झाडांना पाणी घालणाऱ्या काकूंना भेटवस्तू देताना "तुमच्यामुळे निर्धास्त फिरलो" हे वाक्य आई आवर्जून म्हणायची, आणि काकू आधी ते ऐकून घ्यायच्या, पुडकं नंतर उघडायच्या.

राहिलं तुमचं कपाट. एकेक वस्तू हातात घ्या आणि एखादं माणूस डोळ्यांसमोर येतं का बघा. दुकान नाही, गाव नाही, माणूस. आलं तर ठेवा, आणि त्याचा नंबर असेल तर आजच दोन ओळी पाठवा. कुणीच आलं नाही तर बिनधास्त देऊन टाका. तेव्हा आनंद झाला होता, त्याचे पैसेही तुम्ही तेव्हाच दिलेत, आता त्या वस्तूचं देणं लागत नाही. पुढच्या सहलीला मात्र निघण्याआधी माणसांची यादी करा आणि बॅग एक साइज लहान घ्या.