मावशी 'पालक' ठरते का? शाळा व्यवस्थापन समितीची निवड आणि आक्षेप

प्रश्न : बहीण वारल्यापासून तिची मुलगी माझ्याकडे आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत ती तिसरीत शिकते. तिचे वडील परगावी असतात, सगळं मीच पाहते. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर पालक सभा झाली, तिथे शाळा व्यवस्थापन समितीसाठी मी नाव दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही मावशी, पालक नाही." मग आधीच लिहून आणलेली नावं वाचली आणि सभा संपली. अध्यक्ष झाले सरपंचांचे भाऊ. त्यांची मुलं तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात. आता काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल. मुख्याध्यापकांनी दिलेलं कारण कायद्याला धरून नाही.

बोलताना आपण आईवडिलांनाच पालक म्हणतो, गोंधळ तिथूनच होतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये मात्र दोन वेगळ्या व्याख्या आहेत. कलम २(ट) मध्ये सख्खे, सावत्र किंवा दत्तक आईवडील येतात. पालकाची व्याख्या त्याआधी वेगळी दिली आहे : ज्या व्यक्तीकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे ती व्यक्ती. न्यायालयाने नेमलेला पालक त्यात धरलेला आहे, पण तेवढाच धरलेला नाही. कलम २१ नुसार समितीत आईवडील किंवा पालक मिळून किमान तीन चतुर्थांश सदस्य हवेत. म्हणजे भाचीला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या तुम्ही यात बसता. एवढ्यासाठी जिल्हा न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करायला सांगणारे भेटतील. त्या खर्चात पडू नका.

सांभाळाचा पुरावा मात्र कागदावर हवा. भाचीचं नाव असलेली तुमची शिधापत्रिका, बहिणीचा मृत्यूदाखला, तुमचं स्वयंघोषणापत्र आणि मुलीच्या वडिलांचं "मुलगी मावशीकडे राहते, माझी हरकत नाही" असं सहीचं पत्र. हे पत्र सर्वांत मोलाचं, कारण वडील नैसर्गिक पालक आहेत आणि उद्या वाद निघाला तर त्यांच्याच नावाने निघेल. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, पालक म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघा.

अध्यक्षांची निवड तर याहून कच्ची आहे. महाराष्ट्राच्या १७ जून २०१० च्या शासन निर्णयानुसार पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे असतात आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष या पालक सदस्यांमधूनच येतात. ज्यांचं मूल या शाळेत नाही, ते पालक सदस्य होऊच शकत नाहीत. सरपंचांचे भाऊ ग्रामपंचायत सदस्य असतील तर स्थानिक प्राधिकरणाच्या जागेवर त्यांना समितीत घेता येईल, अध्यक्षपदी नाही. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. नावं ठरवणं त्यांचं काम नाही.

गणितही तपासा. समिती १२ जणांची असेल तर किमान ९ पालक आणि एकूण १२ पैकी ६ महिला हव्यात. १६ जणांची असेल तर १२ पालक आणि ८ महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या पटसंख्येच्या प्रमाणात जागा हव्यात. कागदावर महिलांची नावं पुरी असतात, सह्या मात्र घरी जाऊन घेतलेल्या असतात. हे फार ठिकाणी घडतं आणि त्यात नुकसान मुलांचंच होतं, कारण शाळेचा विकास आराखडा आणि अनुदानाचा खर्च याच समितीच्या नजरेखालून जायचा असतो.

म्हणून तक्रारीआधी कागद हातात घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि चारच गोष्टींच्या साक्षांकित प्रती मागा : सभेची सूचना, सह्यांची हजेरी, इतिवृत्त, आणि समितीची यादी, प्रत्येक पालक सदस्याच्या पाल्याचं नाव व इयत्ता यांसह. "मला का नाकारलं" असं विचारू नका; कारणं विचारली की "ही माहितीत मोडत नाही" असं उत्तर येतं. मुदत ३० दिवसांची. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा.

अर्ज टाकला त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी आक्षेप द्या, प्रत केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पोच नाकारली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. सभेत तोंडी बोललेलं इतिवृत्तात उतरत नाही, त्यामुळे पुढे ते सिद्ध करणं कठीण जातं.

कागद आले की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्यामार्फत. दोन्ही बाजूंना म्हणणं मांडू देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पुढचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. कलम ३२ मुलांच्या हक्काबाबतच्या गाऱ्हाण्यांसाठी आहे. म्हणून "मला पद मिळालं नाही" असं लिहू नका. "समिती नियमबाह्य असल्याने मुलांच्या शाळेवर पालकांची देखरेख उरलेली नाही" असं लिहा. मागणी एकच ठेवा : नव्याने पालक सभा घेऊन निवड करावी. आणखी चार-पाच पालकांच्या सह्या जोडा.

नवी सभा लागली तर सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. आवाजी मतदानाऐवजी हात वर करून मोजणी मागा, आणि आकडा इतिवृत्तात तिथल्या तिथे लिहून घेतल्यावरच सही करा. कोऱ्या पानावर तर मुळीच नको. सभा संध्याकाळी ठेवायची विनंती करा, म्हणजे शेतावर जाणाऱ्या आयांना येता येईल.

आणखी एक. समितीची मुदत दोन वर्षांची असते, पण मूल शाळेतून गेलं की पालक म्हणून सदस्यत्व टिकत नाही. शाळा चौथीपर्यंतच असेल तर तुमच्या हातात हे वर्ष आणि पुढचं वर्ष एवढंच आहे. माहितीचा अर्ज या आठवड्यातच द्या.